गोल्फ कार्ट गिरणेच्या वाळूत न्यायची आहे, तयारी कशी करू?

गिरणाकाठ | 4 मार्च

नमस्कार मंडळी, जय खान्देश.

भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठावर आमचं गाव. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय 81. उमेदीची तीस वर्षं त्यांनी नदीच्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लावल्या. दोन वर्षांपूर्वी पाय घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून ओसरीपासून अंगणापर्यंत येतात, त्यापुढे नाही. नदी घरापासून दीड किलोमीटर, पण तेव्हापासून त्यांनी ती पाहिलेली नाही. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाण्याला हात लावायचाय, एवढंच त्यांचं मागणं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हादरे त्यांना सोसत नाहीत. बैलगाडीत चढवायचं म्हणजे दोघांनी उचलायचं, ते त्यांना आवडत नाही. जीप काठापर्यंत जाते, पण तिथून पाण्याच्या धारेपर्यंत सुमारे 300 मीटर निव्वळ वाळू आहे.

जानेवारीत कोकणातल्या एका रिसॉर्टमधून जुनी बॅटरीवरची गोल्फ कार्ट घेतली. पुढे दोन, मागे दोन अशी चार सीट. 48 व्होल्ट, म्हणजे 8 व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या. टायर 18×8.50-8, सपाट नक्षीचे. विकणारा म्हणाला, ही समुद्राच्या वाळूवर रोज पळायची. आमच्या केळीच्या बागेत छान चालते. नदीत अजून घातलेली नाही.

आखाजीला आठ आठवडे आहेत. टायर बदलू का, गाडी उंच करू का, मोटर झेपेल का? ज्याला जे माहीत असेल त्याने सांगा.

केळीवाला_रावेर | 4 मार्च

भाऊ, चांगलं काम काढलंत. आमच्याकडे बागेत फिरायला अशीच एक कार्ट आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतायची म्हणून आम्ही गाडी 4 इंच उंच करणारं लिफ्ट किट टाकलं आणि 22 इंची गठ्ठ्याचे टायर बसवले. तेव्हापासून अडली नाही. तुम्हीही तेच करा. जळगावात ऑर्डर देऊन मिळतं.

मोटरवाइंडर_धुळे | 5 मार्च

रावेरच्या भाऊंचा अनुभव चिखलाचा आहे आणि चिखलासाठी तो बरोबर आहे. वाळूचं गणित वेगळं असतं. मी मोटर वाइंडिंग करतो, थोडे आकडे मांडतो.

कार्ट 450 किलो धरा, तीन माणसांचे 200. एकूण 650. डांबरी रस्त्यावर चाक फिरतं ठेवायला वजनाच्या साधारण दीड टक्का जोर लागतो, म्हणजे 10 किलोच्या आसपास. सुट्या कोरड्या वाळूत तोच जोर वजनाच्या 20 टक्के किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणजे 130 किलो. तेरा पट. ताशी 8 किलोमीटरने जायचं तरी मोटरला पावणेतीन किलोवॅटच्या पुढे काम पडतं आणि बॅटरीतून 80 अँपिअरच्या आसपास करंट सतत ओढला जातो. रस्त्यावर याच वेगाला त्याच्या कितीतरी कमी अँपिअर लागतात. अशा कार्टांच्या मोटरी बहुतेक 3 ते 5 हॉर्सपॉवरच्या असतात, म्हणजे काम अगदी कडेवर येतं.

यात धीराची गोष्ट एक आहे. 300 मीटर जायला या वेगाने सव्वादोन मिनिटं लागतात. तेवढ्यात बॅटरी संपत नाही. भीती आहे ती उष्णतेची, मोटरच्या आणि कंट्रोलरच्या (मोटरला वीज मोजून देणाऱ्या डब्याच्या).

आता मोठ्या टायरचं. 18 इंचाचा टायर काढून 22 चा घातला की चाकाचा घेर वाढतो, गिअर तेच राहतात, आणि जमिनीवरची ओढ सुमारे 18 टक्क्यांनी घटते. आधीच ओढ कमी पडणार आहे, त्यात ही आणखी घट. शिवाय गठ्ठ्याचा टायर चिखलात पकडतो, पण वाळूत तो फावड्यासारखा खणतो. वाळूला सपाट टायर हवा, आणि तो तुमच्याकडे आहे. पैसा खर्च करण्याआधी हवा काढा. आता किती आहे?

गिरणाकाठ | 5 मार्च

22 पीएसआय आहे. पंक्चरवाल्याने भरून दिली तेवढीच.

मोटरवाइंडर_धुळे | 5 मार्च

मग ऐका. टायर जमिनीवर जेवढा पसरतो ते क्षेत्र ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब. एका चाकावर 150 किलो धरले तर 22च्या हवेत टायर साधारण 97 चौरस सेंटिमीटर जागा धरतो, आपल्या तळहाताएवढी. हवा 8 वर आणली की तीच जागा 265च्या पुढे जाते. टायरची कड ताठ असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण फरक अडीच पटीच्या घरातला आहे. रुंद टायर विकत घेऊन जे मिळतं ते इथे फुकट मिळतं.

पहिल्यांदा 10 ठेवा, लागलं तर 8. त्याखाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटतो. आणि हवा मोजायचा कमी दाबाचा गेज घ्या. ट्रकवाल्यांच्या गेजवर 8 आणि 12 यातला फरक कळत नाही.

दापोलीत_चाळीसगावकर | 6 मार्च

मी मूळचा चाळीसगावचा, बारा वर्षं दापोलीत आहे. "समुद्रावर पळायची" या वाक्यावर तुम्ही विसंबू नका म्हणून लिहितो.

समुद्राची वाळू आणि आपल्या गिरणेची वाळू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ओहोटीला पाणी मागे सरतं तेव्हा जो ओला पट्टा उघडा पडतो तो बारीक वाळूचा असतो, भरतीच्या पाण्याने दिवसातून दोनदा दाबला जातो. कणांच्या मधलं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं. त्याच्यावर सायकलसुद्धा चालते. तिथल्याच वरच्या कोरड्या भागात गेलात की गाडी बसली. गिरणेची वाळू जाड, गोलसर, पाणी लगेच सोडून देणारी. चैत्रात ती वरून वीतभर तरी सुटी असते. म्हणजे तुमच्या गाडीने आजवर सोप्या वाळूचा पेपर दिलाय, अवघड पेपर पुढे आहे.

इथे किनाऱ्यावर गाड्या घालायला बंदी आहे, तरी दर मोसमात पर्यटकांच्या गाड्या भरतीत अडकतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं याच वाळूत अंडी घालतात. वेळास, आंजर्ल्याला घरटी जपणारी माणसं रात्र-रात्र जागतात. चाकाच्या खोल चाकोरीत पिल्लू पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही. तुमच्या नदीत कासवांची घरटी नसली तरी टिटवी उघड्या वाळूत अंडी घालते, तेवढं बघून चाला.

दुसरं, मिठाचं. समुद्रकाठी राहिलेल्या गाडीत मीठ आत शिरतं आणि गाडी तिथून हलवली तरी ते काम करत राहतं. बॅटरीच्या केबलची टोकं, सोलेनॉइड (मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच), पुढे-मागे जायचा स्विच, स्प्रिंगचे पाटे, ब्रेकचे ड्रम, हे सगळं उघडून पाहिल्याशिवाय आबांना बसवू नका. माझी हात जोडून विनंती आहे.

गिरणाकाठ | 9 मार्च

दापोलीकर दादा, तुमचं ऐकलं म्हणून वाचलो.

शनिवारी गावातल्या इलेक्ट्रिशियनला घेऊन सगळं उघडलं. सहा बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पाच केबलींपैकी तीनची टोकं हिरवी. एक तर हाताने ओढली तर लगमधून, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्यातून, सुटून आली, आत तांब्याचा भुगा झालेला. सोलेनॉइडचे दोन्ही बोल्ट गंजलेले. मागच्या उजव्या पाट्याचा शॅकल जाम. ड्रममध्ये बारीक वाळू आणि गंज यांचा थर जमलेला, त्यामुळे डावा ब्रेक लागतच नव्हता. बागेत सपाटीवर चालवत होतो म्हणून कळलं नाही. काठावरून नदीत उतरायला मोठा उतार आहे. तिथे काय झालं असतं याचा विचार करून रात्री झोप आली नाही.

बॅटऱ्या एक वर्ष जुन्या म्हणून सांगितल्या होत्या. वरचे शिक्के पाहिले तर चार वर्षांपूर्वीचे निघाले.

मोटरवाइंडर_धुळे | 9 मार्च

झालं ते चांगलं झालं, आता एकेक करून घ्या.

आधी गाडीचा मेन स्विच बंद करा, नंतर सीटखालचा 'रन-टो' स्विच 'टो'वर टाका, मगच हात घाला. हातातली अंगठी, कडं काढा. 48 व्होल्टचा शॉक जीव घेत नसेल, पण पान्हा दोन टोकांवर आडवा पडला तर लोखंड वितळतं.

केबली पाचच्या पाच नव्या करा, दोन जुन्या तीन नव्या असं नको. 35 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या, लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही. टोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सुकवा, घट्ट करा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून वर लग बसवायचा नाही. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत एक थेंबही जाता कामा नये.

सोलेनॉइड नवा घ्या. तो काही फार महाग नसतो. वाळूत 80-100 अँपिअर सतत जाणार, गंजलेला संपर्क तिथेच चिकटेल. सोलेनॉइड चिकटला तर पाय काढला तरी मोटरचा पुरवठा सुटत नाही, हे लक्षात घ्या.

बॅटऱ्यांचं वय गेलंय, पण बदलायची घाई नको. पूर्ण चार्ज करा, रात्रभर थांबा, हायड्रोमीटरने प्रत्येक खणाची घनता बघा. 1.265च्या वर सगळे खण असतील तर चालतील. एखादाच खण 1.200च्या खाली असेल तर ती बॅटरी संपूर्ण माळेला खाली ओढते, तेवढी बदला. पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि चार्जिंग झाल्यावर. आधी भरलं तर चार्ज होताना उतू जाऊन पुन्हा टोकं खाईल.

तरुण_पाचोरा | 10 मार्च

सरळ लिथियम का नाही टाकत? 100 अँपिअर-तासाचा पॅक 50 किलोच्या आत येतो. सहा लेड-ॲसिड मिळून 170 किलोच्या घरात. सव्वाशे किलो वजन गेलं तर वाळूत केवढा फरक!

मोटरवाइंडर_धुळे | 10 मार्च

मुद्दा शंभर टक्के बरोबर. वाळूत वजन कमी करण्यासारखा उपाय नाही. पण पॅकसोबत चार्जर बदलावा लागतो, बीएमएसला (पॅक सांभाळणाऱ्या सर्किटला) 200 अँपिअरचा झटका सोसला पाहिजे, नाहीतर ऐन वाळूत तो पुरवठा तोडतो. सगळा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. पुढे रोज वापरणार असतील तर जरूर करावं. आखाजीसाठी मागची सीट उतरवा आणि एक माणूस कमी बसवा, ते आधी.

फिजिओ_अमळनेर | 11 मार्च

मी फिजिओथेरपी करते. गाडीवर खूप लिहून झालं, आता आबांवर लिहिते.

लिफ्ट किट अजिबात नको. या गाडीची सीट जमिनीपासून 70 सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पायठाण 30 वर. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ही उंची जमते, कारण सीट गुडघ्यापेक्षा उंच असली की बसताना खुबा 90 अंशांच्या आत वाकतो. त्यात 4 इंच वाढवले की पायठाणावर पाय टाकायलाच गुडघा पोटापर्यंत न्यावा लागेल. तेच टाळायचं असतं. उलट 15 सेंटिमीटर उंचीचा लाकडी पाट करून घ्या, खाली चारही कोपऱ्यांना रुंद फळी मारा म्हणजे वाळूत टेकवला तरी रुतणार नाही. चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. हे घरी अंगणात दहा वेळा करून घ्या, त्यांच्याच वेगाने.

बाजूला पकडायला उभा दांडा हवा, छताच्या खांबाला जाड कापड गुंडाळलं तरी चालेल. कमरेला पट्टा. पाठीला उशी नको, ती सरकते. घट्ट गोधडीची घडी बरी. आणि दहाच्या आत घरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 44-45 अंश होतं आणि नदीतली वाळू त्याहून तापते. या वयात तहान लागल्याचं कळत नाही, तुम्हीच घोट-घोट पाजा.

आबांना अंगणात दोन फेऱ्या वाढवायला सांगा. नदी दिसायची असेल तर ते करतील.

गिरणाकाठ | 11 मार्च

ताई, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लिफ्ट किटचा विषय इथेच संपला. पाट उद्याच सुताराकडे टाकतो.

पांझराकाठ | 13 मार्च

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही नदीच्या आहेत.

पहिली, खड्डे. वाळूउपशाने आपल्या सगळ्या नद्यांची चाळण झाली आहे. पोकलेनने खणलेला खड्डा पुरात वरवर भरतो, वरून सपाट दिसतो आणि आत सुटी वाळू नाहीतर गाळ असतो. माणूस चालून गेला तरी कळत नाही, चाकाला कळतं. पूर्ण वाट आधी पायी चाला, हातात पहार घ्या, दर चार पावलांवर खुपसून बघा. पहार एकदम आत गेली तर ती जागा सोडा. पाण्याच्या अगदी काठाला ओली वाळू दिसते म्हणून आनंदाने जाऊ नका. समुद्राकाठी ओलं म्हणजे घट्ट, नदीत ओल्याखाली गाळ असू शकतो.

दुसरी, आवर्तन. गिरणा धरणातून उन्हाळ्यात पिण्याला आणि शेतीला पाणी सोडतात. कोरडी नदी एका रात्रीत वाहायला लागते. पाटबंधारे खात्याच्या तुमच्या शाखेत तारीख विचारून ठेवा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा. पोलीस पाटलांच्या कानावरही घाला, नदीत चाकाची गाडी दिसली की महसूलचं पथक वाळूचोर समजून धावून येतं. त्यात त्यांची चूक नाही.

गावातल्या रस्त्यावरून ती चालवत नेऊ नका. मोटर 250 वॉटच्या वर असली की नोंदणी लागते, आणि गोल्फ कार्टला ती नसते. पिकअपमध्ये घालून काठापर्यंत न्या.

गिरणाकाठ | 24 मार्च

पहिली चाचणी झाली. फसली, म्हणून सविस्तर लिहितो.

केबली, सोलेनॉइड, ब्रेक सगळं नवं. पाचव्या बॅटरीचा एक खण 1.180 निघाला, ती बदलली. हवा 10. मी आणि पुतण्या, मागच्या सीटवर सिमेंटची एक गोणी, आबांच्या वजनाऐवजी. दुपारी चारला उतरलो.

पहिले 30 मीटर सुरेख. मग मला वाटलं वेग कमी होतोय, म्हणून पाय दाबला. मागचं उजवं चाक गरगर फिरलं आणि दोन सेकंदांत एक्सलपर्यंत गाडलं गेलं. डावं चाक जागचं हललंसुद्धा नाही. मी आणखी दाबलं. जळका वास आला तेव्हा सोडलं.

फावड्याने चाकापुढची वाळू काढली, बारदानं आणि कपाशीच्या काड्या खाली घातल्या, सहा माणसांनी ढकलली. बाहेर यायला पाऊण तास गेला.

मोटरवाइंडर_धुळे | 24 मार्च

वास आल्यावरही दाबून ठेवलंत, हे पुन्हा होऊ देऊ नका. मोटर फिरत नसताना करंट सर्वात जास्त असतो आणि कम्युटेटरच्या (मोटरच्या फिरत्या तांब्याच्या कड्याच्या) त्याच दोन पट्ट्यांवर ब्रश जळत राहतो. मागचं झाकण काढून ब्रश बघा, पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करा आणि धूळ हवेने उडवा.

एकच चाक का फिरलं? डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर) साधं आहे. ज्या चाकाला पकड नाही त्यालाच ते फेरे देतं. म्हणून एका चाकाखाली भुसभुशीत जागा आली की दुसरं कितीही घट्ट जागी असलं तरी उपयोग नाही. यावर पाय दाबणं हा उपाय नाही. फिरलं असं वाटताच पाय काढायचा, ब्रेक मारायचा नाही. ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग तयार होतो आणि पुन्हा निघताना तोच चढावा लागतो. गाडी आपोआप थांबू द्यायची, मग आलात त्याच चाकोरीतून मागे यायचं, ती वाळू तुमच्याच चाकाने दाबलेली असते.

हवा 8 करा. गोणी मागच्या सीटवर होती, म्हणजे वजन मागच्या एक्सलच्याही मागे गेलं. आबांना पुढे चालकाशेजारी बसवा, मागची सीट काढाच. आणि दुपारी चारला का गेलात?

जुना_वाडीवाला | 25 मार्च

नातवाकडून टाइप करून घेतोय. वय 74. मीही वाड्या केल्या, तापीत.

भाऊ, वाळूसंगे जोर चालत नही, तिले हळूच पटाडनं पडस.

आम्ही टरबुजाच्या गाड्या पहाटे काढायचो. रात्री वाळू थंड होते, थोडी ओल वर येते, आणि ती पाय धरते. ऊन चढलं की तीच वाळू पिठासारखी पळते. आमच्या वेळी बैल दुपारी नदीत घालायचाच नाही असा नेम होता. जिथे फारच पोकळ तिथे तुराट्यांचे तट्टे अंथरायचो, त्यावरून चाक जायचं. आता तट्टे कोणी विणत नाही, पण तुमच्याकडे केळीचं, भाजीचं शेडनेट असेल. दुहेरी घडी करून अंथरा, कडेला खुंट्या मारा. पॉलिथिनचा कागद नको, तो घसरतो.

तुन्हा आबाले मन्हा राम राम सांगजो.

दापोलीत_चाळीसगावकर | 25 मार्च

वाडीवाले अप्पा, शेडनेट ही फार मोलाची सूचना. रस्त्याच्या कामात मऊ जमिनीवर कापड अंथरतात त्याच कारणासाठी, वजन पसरतं आणि वाळू बाजूला पळत नाही. चाकाच्या रुंदीचे दोन पट्टे पुरतील, पूर्ण रस्ता झाकायची गरज नाही.

गिरणाकाठ | 6 एप्रिल

दुसरी आणि तिसरी चाचणी झाली. दोन्ही सकाळी सहाला.

पहार घेऊन वाट चाललो. पांझराकाठ भाऊ म्हणाले तसंच, सरळ वाटेवर दोन जागी पहार निम्मी आत गेली. वाट उजवीकडून वळवली, 300चे 360 मीटर झाले. उतार संपतो तिथली 50 मीटर जागा फार पोकळ आहे, तिथे शेडनेटचे दोन पट्टे. हवा 8. मागची सीट उतरवली. पुतण्या आबांच्या जागी. वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा, वळण मोठं, मध्ये कुठे थांबणं नाही.

गेलो आणि आलो. परत आल्यावर मोटरवर हात ठेवता येत होता. तिसऱ्या चाचणीत मुद्दाम मध्ये थांबून पुन्हा निघून पाहिलं, शेडनेटवर निघते, उघड्या वाळूत थोडी धडपडते पण निघते.

सोबत ठेवलेलं सामान: फावडं, चार बारदानं, दोन फळ्या, 20 फूट दोर, गेज, आणि जीपच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. कार्टच्या माळेतल्या दोन बॅटऱ्यांवरून पंप जोडू नका असं मोटरवाइंडर भाऊंनी फोनवर बजावलं, त्याने माळ असमान होते.

एक शंका. उन्हात टायर तापला की 8 चे 9-10 होतात, तर पुन्हा काढू का?

मोटरवाइंडर_धुळे | 6 एप्रिल

नाही. सकाळी थंड टायरवर मोजलेलं तेच खरं. चार्जिंगही रात्री उशिरा, बॅटऱ्या निवल्यावर, उघड्या पडवीत करा. आपल्या उन्हाळ्यात तापलेली बॅटरी चार्जला लावली की पाणीही जातं आणि आयुष्यही.

गिरणाकाठ | 1 मे

काल आखाजी झाली. दोन्ही बहिणी माहेरी आल्या होत्या. सकाळी साडेपाचला काठावर आबांना पाटावरून गाडीत बसवलं, ताईंनी सांगितलेला पाय आधी. महिनाभर अंगणात सराव केला होता, कोणाचा हात लागला नाही. पाटबंधारेवाल्यांना आदल्या रात्री विचारलं होतं, पाणी सुटणार नव्हतं. पिकअपमधून काठापर्यंत गाडी, आबा जीपमधून.

उतार उतरलो. शेडनेटवरून गेलो. पुढे मी खुणेच्या काठ्या बघत चाललो होतो. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "डावाकडथून ले." मी म्हटलं आबा, तिकडे आम्ही पहार घातलेली नाही. ते म्हणाले, तिथली वाळू बघ, रंग काळपट आहे, खाली ओल आहे, तिथे आपला झिरा, वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा, असायचा.

मी गाडी थांबवली. पुतण्या उतरून पहार घेऊन गेला. वीतभर आत जाऊन पहार अडली. घट्ट होतं. त्या बाजूने घेतली तर मोटरचा आवाजच बदलला, हलका झाला. आठ आठवडे आम्ही जी वाट शोधत होतो तिच्याहून चांगली वाट त्यांना गाडीत बसल्या-बसल्या दिसली.

पाण्यापासून दहा पावलांवर गाडी उभी केली, काठाला गाळ होता म्हणून पुढे नेली नाही. बहिणीने घागर भरून आणली. आबांनी गाडीतच बसून ओंजळीने पाणी सोडलं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेतलं. नंतर ती ओली ओंजळ तोंडावरून फिरवली. सव्वाआठला घरी होतो.

इथल्या प्रत्येकाचं नाव मी त्यांना सांगितलं. वाडीवाल्या अप्पांचा राम राम पोचवला. ते कोणत्या घाटाला वाडी लावायचे, असं विचारलंय त्यांनी.

फिजिओ_अमळनेर | 1 मे

वाचता वाचता डोळे भरून आले. आज खुबा दुखतोय का ते मात्र विचारा.

गिरणाकाठ | 1 मे

नाही ताई. मांडी थोडी ठणकते म्हणाले, पण सकाळी अंगणात फेऱ्या रोजच्याएवढ्या घातल्या.

सारंगखेडा_तापी | 2 मे

दादा, आमच्या आईला असंच तापीवर न्यायचं आहे. बॅरेजमुळे पाणी काठाला लागून असतं, वाळू 40-50 मीटरच. आमच्याकडे साधी दोन सीटची कार्ट मिळतेय. परत आल्यावर गाडीचं काय करायचं तेही सांगा.

गिरणाकाठ | 2 मे

दादा, 40 मीटरला तर शेडनेटच पूर्ण अंथरा. बॅरेजच्या फुगवट्याखाली गाळ बसलेला असणार, म्हणून पहार जरूर घाला, पाण्याच्या जवळ तर दोन पावलांवर घाला.

परत आल्यावर मी काय केलं ते लिहितो. काठावर येताच हवा 18 केली, 8च्या हवेवर कडक रस्त्याला टायरची कड चिरते. घरी ब्रेकचे ड्रम उघडून कोरड्या ब्रशने वाळू काढली. खालून साध्या नळीच्या पाण्याने धुतलं, प्रेशरचा फवारा कंट्रोलर आणि मोटरकडे मारला नाही. पाटे सुकल्यावर ग्रीस. मोटरच्या झाकणातून कंप्रेसरची हवा. दोन तास काम आहे.

गेज माझा घेऊन जा, पाचोऱ्यापर्यंत आणून देतो. फक्त 11 तारखेच्या आत परत लागेल. त्या रविवारी आबांना पुन्हा न्यायचंय, जुन्या जागी झिरा खणून हवा आहे त्यांना. फावडं गाडीतच ठेवलंय.